युन केसोरचा खरा आवाज

१

लाउडस्पीकरमधून युन केसोरचा आवाज यायला हवा होता. आला तो चिनी झांजांचा दणदणाट, आणि पाठोपाठ कुणी बाई किंचाळत नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊ लागली.

विहाराच्या सभामंडपात केळीच्या पानांत भात बांधत बसलेल्या बायका आधी दचकल्या, मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्याच खिदळल्या. हसली नाही ती फक्त येय फल्ला. येय म्हणजे आजी. सगळं बात्तंबांग शहर तिला याच नावानं हाक मारायचं. तिच्या हातात रेकॉर्डचं रिकामं पाकीट होतं.

"ही माझी रेकॉर्ड नाही," ती म्हणाली. "आचार्य, बंद करा ते. कुणीतरी बदललीय."

आचार्य प्रोमनी सुई उचलली. भिक्खूंच्या जेवणापासून या खटारा रेकॉर्डप्लेअरपर्यंत विहाराचा सगळा संसार त्यांच्याच डोक्यावर होता. "नजरचुकीनं दुसरी आणली असाल, येय."

"माझ्या घरात दुसरी आहेच कुठे?"

बोरेथला नेमकं तेव्हाच तिथून सटकायचं होतं. बायकोनं भिक्खूंसाठी दिलेला डबा पोचवायला तो आला होता, पण अंगावर पोलिसाचा गणवेश होता आणि तिथेच तो फसला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"बोरेथ, तू पोलीस आहेस ना?" येय म्हणाली. "मग नुसता डबा धरून उभा काय राहिलास? शोध."

केसोर ही येयची धाकटी बहीण. एके काळी देशातला एकही रेडिओ तिच्याशिवाय सुरू होत नव्हता आणि एकही लग्न तिच्या 'होडीवाल्या, थांब'शिवाय पार पडत नव्हतं. मग बंदूकवाल्यांनी राजधानी रिकामी केली, गाणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना वेचून मारलं, आणि त्या गर्दीत केसोर कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणे सरहद्दीवरच्या छावणीत दिसली, कुणी म्हणे फ्रान्सला गेली. प्रेत मात्र कुणी पाहिलं नाही, आणि तेवढ्याच धाग्याला येय इतकी वर्षं लटकून होती.

केसोरनं स्वतः आणून दिलेली त्याच गाण्याची एक रेकॉर्ड येयनं त्या काळात प्राहोकच्या रांजणात पुरून ठेवली होती. आंबलेल्या मासळीच्या वासात हात घालायची हिंमत कुठल्याच शिपायाला झाली नाही. रेकॉर्ड वाचली, तिच्यावरचा कागद तेवढा विरघळून गेला. म्हणूनच दुसरी कुठलीही बिननावाची काळी तबकडी येयच्या अधू डोळ्यांना खपून गेली असती, आणि खपलीही.

पितरांचा पंधरवडा संपत आला होता. शेवटच्या दिवशी सगळा प्रांत विहारात लोटणार होता, आणि त्या दिवशी खांबावरच्या मोठ्या कर्ण्यातून ते गाणं वाजवायचं असं येयनं ठरवलं होतं. आज नुसती चाचणी होती.

"अहो, हा सण मेलेल्यांचा," आचार्य पुन्हा म्हणाले. "गाणं कसलं वाजवता? नाव द्या तिचं, मी पितरांत घालतो."

"जिवंत माणसाला पिंड घालू? ती कुठे का असेना, तिचा स्वतःचा आवाज कानावर पडला तर येईल. आणि आता तोच चोरलाय मेल्यांनी!"

बोरेथनं ती चिनी तबकडी उजेडात धरली. तिच्या कडेला खिळ्यानं पाडावं तसं एक बारीक भोक होतं.

२

ठाण्यात साहेबांनी त्याचं म्हणणं अर्धंच ऐकलं.

"एक रेकॉर्ड? बोरेथ, सगळा देश चोरीला गेला तेव्हा कुणी तक्रार घेतली होती का? उपराज्यपालांच्या मेहुण्याची मोटारसायकल गेलीय, ती शोध आधी."

बोरेथनं मान डोलावली आणि सरळ बाजारात गेला. आपण हे का करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि म्हातारीचा तो 'शोध' डोक्यातून जात नव्हता.

येयकडून त्याला एवढंच कळलं होतं की रेकॉर्डची पेटी पलंगाखाली असते, ती जेवून लवंडते तेव्हा दार उघडंच असतं, आणि अलीकडे तिच्याकडे तिघं जण फेऱ्या मारत होते. कॅसेटवाला चिनी लायशेठ रेकॉर्ड विकत मागायला यायचा, आचार्य प्रोम नाव मागायला यायचे, आणि तिसरी होती थिदा. नदीकाठच्या खानावळीत केसोरची गाणी गाणारी ही पोरगी, रेकॉर्ड एकदा ऐकवा म्हणून पाया पडायला यायची.

"तिला काय सांगितलंत?" बोरेथनं विचारलं होतं.

"काय सांगणार? म्हटलं, कॅसेटचा पोपट तू, तुला काय कळणार? सणाला वाजेल तेव्हा ऐक सगळ्यांबरोबर."

लायशेठनं बोरेथला पाहताच दुकानातलं गाणं बारीक केलं. 'होडीवाल्या, थांब'च चालू होतं. ढोलाचं यंत्र धबाधबा वाजत होतं आणि केसोर मागे कुत्रं लागल्यासारखी गात होती.

"चिनी रेकॉर्ड निघाली म्हणून माझ्याकडे आलास होय?" लाय म्हणाला. "उद्या कुणाच्या पोटात शेवया सापडल्या तरी मलाच धरशील."

"ही तुझी की नाही?"

लायनं तबकडी हातात घेऊन फिरवली. "होती माझी. असल्या भंगार तबकड्यांचं पोतंच होतं माझ्याकडे. न्हाव्याला दिल्या, खानावळवाल्याला दिल्या, सरबतवाल्याला दिल्या. लोक भिंतीवर टांगतात, शोभेला. भोक दिसत नाही?"

"कुणाला कुठली दिली?"

"अरे बाबा, मी भाजीच्या जुडीला नाव लिहीत नाही."

बोरेथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या गावाच्या भिंतींवर तबकड्या होत्या. आता काय भिंती मोजत हिंडायचं? निघता निघता तो वैतागून म्हणाला, "आणि हे गाणं एवढं पळतंय का? लहानपणी मी ऐकलं होतं ते असं नव्हतं, असं वाटतं."

"पळणारच," लाय हसला. "जराशी पळवली की कॅसेटच्या एका बाजूला एक गाणं जास्त बसतं. सगळे तेच करतात. आता हेच खरं. पंचविशीच्या आतल्या कुणालाही विचार, दुसरं कुणी ऐकलेलंच नाही. म्हणून तर ती रेकॉर्ड मला हवी होती, नीट उतरवून घ्यायला. माझ्याकडे प्लेअर आहे, यंत्र आहे. येय म्हणाली, तुझ्या यंत्रानंच माझ्या बहिणीला धावायला लावलंय, चालता हो."

बोरेथ पायरी उतरला तोच लायनं मागून हाक मारली. "आणि त्या आचार्यांना विचार की! परवा दुपारी इथे येऊन मला विचारत होते, मेलेलं माणूस गातं का म्हणून."

३

आचार्य प्रोम हे गृहस्थ खोटं बोलू शकत नसत, पण गप्प मात्र छान बसू शकत. त्यांनी बोरेथला चहा दिला, केळं दिलं, पावसावर बोलले, भिक्खूंच्या छत्र्यांवर बोलले.

"आचार्य, लायला काय विचारलंत तुम्ही?"

"तो चिनी बडबड्या आहे."

"ते मलाही ठाऊक आहे. काय विचारलंत?"

म्हाताऱ्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "हसशील."

"मी सकाळपासून हसलेलो नाही. आता कशाला हसतोय?"

"मी दुपारी मागच्या खोलीत पडतो. भिक्खूंचं जेवण आटपलेलं असतं, सभामंडपात कुणी नसतं. गेल्या आठवड्यात पडलो होतो, आणि ती गायली."

"कोण ती?"

"केसोर. 'होडीवाल्या, थांब'. बारीक आवाजात, इथेच, भिंतीपलीकडे. ढोल नाही, काही नाही. आणि किती सावकाश, बोरेथ! माझ्या लग्नात वाजलं होतं, तसं. मी अंगावरची चादर तोंडावर ओढली आणि मंत्र म्हणत पडून राहिलो."

"उठून पाहिलं नाहीत?"

"पितरांचा पंधरवडा आहे! दारं उघडी असतात त्यांची. सगळ्या गावाला मी सांगतो, पितरांना भिऊ नका, प्रेमानं वाढा. आणि मीच चादरीत. कुणाला सांगू? दुसऱ्या दिवशी पुन्हा गायली. पुन्हा चादर."

बोरेथला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. चोर या माणसापासून एका भिंतीच्या अंतरावर बसून चोरीचा माल वाजवत होता आणि हा आतमध्ये मंत्र म्हणत होता!

"आचार्य, ते भूत नव्हतं. कुणीतरी तुमच्या प्लेअरवर रेकॉर्ड लावत होतं. त्या दिवसांत मंडपात कोण येत होतं?"

"सणाची झाडलोट चालू आहे. सगळं गावच येतं." मग ते स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "माझ्यावरच संशय आहे ना तुझा? प्लेअर माझ्याकडे, गाणं नको म्हणणाराही मीच."

हे खरंच होतं. विहाराच्या पायऱ्या उतरताना बोरेथला वाटलं, साहेबांचं ऐकून मेहुण्याची मोटारसायकल शोधली असती तर एव्हाना निदान शाबासकी तरी मिळाली असती.

४

थिदाच्या खानावळीत तो संध्याकाळी लवकरच पोचला. पावसाळ्यातल्या व्रताच्या महिन्यांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे लग्नात वाजवणारं तिचं पथक या दिवसांत इथेच असे. नदीवर अजून उजेड होता. मंचामागच्या भिंतीवर तारेनं टांगलेल्या काळ्या तबकड्यांची रांग होती, आणि रांगेतल्या एका तारेला काहीच नव्हतं.

बोरेथ झटकन पुढे झाला, आणि लगेच थांबलाही. ही तार तर कुठल्याही गिऱ्हाइकाला सोडता आली असती. ठाण्यात हे सांगितलं तर साहेब त्याचं नाव तार हवालदार ठेवतील.

थिदाचं गाणं त्याला पाठ होतं. पुतणीच्या लग्नात ऐकलं होतं, भाच्याच्या लग्नात ऐकलं होतं. पोरगी गोड गळ्याची, पण 'होडीवाल्या'च्या तिसऱ्या ओळीला हमखास धापा टाकायची, आणि टेबलांवरचे बाप्ये हमखास ओरडायचे, "अगं, होडी बुडाली!"

आजही कुणीतरी फर्माईश केली. "थिदा, होडीवाल्या होऊ दे!"

"नको दादा," ती माइकवरून हसून म्हणाली. "घसा बसलाय."

आणि मग त्याच बसलेल्या घशानं तिनं दुसरं, त्याहून चढ्या सुराचं गाणं घेतलं आणि कुठेही न अडखळता तडीस नेलं. बोरेथच्या हातातला पेला तसाच राहिला. रोज ज्या गाण्यावर हिचं पोट चालतं ते गाणं ती टाळत होती.

गाणं संपल्यावर तो मंचामागे गेला. तिथे गायकांचा देव्हारा होता: उदबत्त्या, मेणबत्त्या, आणि गुरूसाठी केळीच्या खुंटावर रचलेली विड्यांची जोडी. गाणारा माणूस मंचावर चढण्याआधी गुरूला वाढतो. एका गुरूला एक जोडी, गुरू हयात असो नसो. थिदा ज्या म्हाताऱ्याकडे शिकली तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि या देव्हाऱ्यात एकच जोडी असते हे पथकातला ढोलकरीसुद्धा सांगू शकला असता.

आज तिथे दोन होत्या. दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती, आणि तिच्यावर जाईचे ताजे गजरे होते.

थिदा टॉवेलनं मान पुसत आत आली आणि त्याला पाहून जागीच थबकली.

"थिदा," बोरेथ म्हणाला, "बाकी काही विचारत नाही. इथे, या देव्हाऱ्यासमोर सांग. तुझा दुसरा गुरू कोण?"

५

त्या देव्हाऱ्यासमोर खोटं बोललं तर गळा जातो असं गाणारे मानतात. थिदा खालीच बसली.

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"उशिराच कळलं," बोरेथ करवादला. "लायनं चोरली असती तर त्यानं घरच्या यंत्रावर वाजवली असती, विहारात कशाला आला असता? आचार्यांना गाणं नकोच होतं. त्यांनी ती विहिरीत टाकली असती, दुपारी लावून ऐकली नसती. म्हणजे चोर असा, ज्याच्याकडे यंत्र नाही, पण ज्याला ऐकल्यावाचून राहवत नाही. भिंतीवरची तार रिकामी आहेच. पण खरं सांगू? तू आज ते गाणं धापा टाकत म्हटलं असतंस तर मी घरी गेलो असतो."

"कसं म्हणू?" ती एकदम उसळून म्हणाली. "आयुष्यभर वाटायचं, माझ्याच छातीत दम नाही. लोक हसायचे, होडी बुडाली म्हणायचे. मी नदीत गळ्यापर्यंत उभी राहून श्वास कोंडायची, वेड्यासारखी. आणि येयच्या रेकॉर्डवर ती गाते, काका, तर तिसऱ्या ओळीआधी ती थांबते. चांगली थांबते! सगळ्या ओळींत श्वासाला जागा आहे. ते कॅसेटवाल्यांनी पळवून पळवून खाऊन टाकलंय. हे कळल्यावर परत तसं खोटं कसं गाऊ? आणि खरं गायले तर सगळे विचारणार, कुठे शिकलीस."

"म्हणून विडा ठेवलास."

"तिच्याकडूनच शिकले ना? मग गुरू नाही म्हणू का तिला? तेवढी मी हरामखोर नाही."

चोरी केली तेव्हा हात कापला नाही, आणि गुरूचं देणं बुडवायला मात्र जीव धजला नाही. या पोरीला शिव्या घालाव्यात की कुरवाळावं ते बोरेथला कळेना, आणि न कळल्यानं तो आणखीनच चिडला.

"रेकॉर्ड आण," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता नेऊन देऊ. सण अजून गेलेला नाही."

थिदा उठली नाही.

"परतच ठेवायला निघाले होते हो," ती म्हणाली. "पाऊस लागू नये म्हणून गाडीच्या सीटखाली ठेवली. येयकडे पाहुणे बसले होते, ते काही उठेनात. आणि ऊन पडलं."

तिनं देव्हाऱ्याखालून कापडात गुंडाळलेली तबकडी काढली. बोरेथनं कापड सोडलं. तव्यावर फुगलेल्या पापडासारखी ती सगळीकडून वाकलेली होती. जगातली कुठलीच सुई आता तिच्यावर चालणार नव्हती.

६

येय फल्लानं तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा वर, एकदा खाली. थिदा तिच्या पायाशी कपाळ टेकून रडत होती.

"येय, तक्रार लिहून घेऊ?" बोरेथनं विचारलं.

"लिहून काय होणार? ती सपाट होणार आहे?" येय म्हणाली. थिदाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "आचार्यांना सांग, कर्णा उतरवा. आणि हिला सांग, माझ्या घरातून जा."

बोरेथ घरी आला, जेवला नाही, बायकोवर उगाच ओरडला. चोर सापडला होता, चोरी का झाली तेही कळलं होतं, आणि हातात मात्र एक वाकडा पापड होता. पोलिसात इतकी वर्षं काढून त्यानं सोडवलेलं हे एकमेव खरंखुरं कोडं, आणि त्यानं कुणाचंच भलं झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी विहार माणसांनी फुलून गेला. गावोगावच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन आल्या, मंडपात भाताचे ढीग लागले, आचार्य एकेकाकडून पितरांची नावं विचारून घेत होते आणि भिक्खू ती म्हणत होते. येय फल्ला दरवर्षीसारखी आली होती. आईचं नाव दिलं, वडिलांचं दिलं, दोन भावांचं दिलं, आणि दरवर्षीसारखीच तिथे थांबली. मग ती खांबाशी पाठ करून बसली आणि कुणाच्याशा ताटात भात वाढू लागली.

बोरेथ पायरीवर होता. थिदा आलेली त्याला दिसली. साधी पांढरी ओढणी, चेहऱ्यावर रंग नाही. ती मंडपात चढली नाही. खाली, येयच्या पाठीमागे, चपला काढून उभी राहिली, आणि माइक नाही, ढोल नाही, तशीच गाऊ लागली.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग जवळच्या बायका गप्प झाल्या, मग त्यांच्या पलीकडच्या. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं आणि तरी कुणी ऐकलेलं नव्हतं. चाळिशीपुढची माणसं मान वर करून इकडेतिकडे बघू लागली. थिदा तिसऱ्या ओळीपाशी आली, तिथे निवांत थांबली, श्वास घेतला, आणि पुढे गेली.

"केसोर?"

येय फल्ला उभी राहिली होती. तिचं तोंड अजून मंडपाकडेच होतं, आणि त्या क्षणी ती म्हातारी दिसतच नव्हती. बोरेथला वाटलं, देवा, हिनं आता वळू नये.

ती वळली. खाली थिदा उभी होती. येयनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, फाटकापर्यंत पाहिलं. थिदाचा आवाज तुटला.

"थांबू नकोस," येय म्हणाली. "पूर्ण म्हण."

थिदानं पूर्ण म्हटलं. येयनं शेवटपर्यंत उभ्यानं ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. गाणं संपल्यावर ती माणसांतून वाट काढत, एकेकाच्या खांद्याला धरत, आचार्यांपर्यंत गेली.

"माझं एक नाव राहिलंय," ती म्हणाली. "युन केसोर. माझी धाकटी."

आचार्यांनी रोजच्या सवयीनं विचारलं, "गेली कधी?"

"आत्ता," येय म्हणाली.